सोमवारी संग्रहालय बंद असतं

३ ऑक्टोबर

छोटे,

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. तुझा फोन नंबर मावशीकडे आहे. पण तू पलीकडून "कोण बोलतंय?" विचारलं असतंस, आणि वीस वर्षांनी सख्ख्या बहिणीला स्वतःची ओळख करून द्यायची मला हौस नाही. म्हणून पत्र.

कामापुरतं लिहिते. आईच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजत चाललेत. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. कुणाचा चेहरा बघायचा तर तिला मान बाजूला वळवावी लागते. ती आपल्याकडे बघत नाहीये असं वाटलं की समजायचं, बघतेय. सव्वीस वर्षं मी दुकानात बसून लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेय आणि घरातल्या माणसाला लावायला माझ्याकडे काच नाही. डॉक्टर म्हणाले, नंबर वाढवून उपयोग नाही. वर्षभरात आहे तेही जाईल.

तर तिच्या मनानं घेतलंय, किल्ल्याचं गाव एकदा बघायचं. बाबा तटाची मोजणी करायला जायचे आणि आपल्याला दोनतीनदा घेऊन गेले होते, तेच समुद्रावरचं गाव. मी म्हटलं, चल, नेते. तर म्हणाली, "दोघी पाहिजेत. नाहीतर नको."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस आणि त्या दिवसापासून हीच बाई लोकांना सांगत आली की मला एकच मुलगी. आता अचानक दोन झाल्या.

मी ठरवलंय ते असं. सोमवार, ४ नोव्हेंबर. सोमवारी आमचं दुकान बंद असतं. आम्ही आठ वाजून दहाच्या बसनं निघून साडेदहाला पोहोचतो. तुझ्याकडून ते गाव तासाभरावर आहे, तू परस्पर ये. वेशीपाशी भेटायचं. मग तटाखालचा रस्ता, बंदराचा जुना धक्का, दुपारी सावली बघून डबा खायचा, थोडं पडायचं, पाचच्या बसनं परत. दीपस्तंभ खालूनच बघायचा. धावपळ अजिबात नाही, सगळं निवांत. दवाखान्यातून चाकाची खुर्ची मिळतेय.

ये म्हणून मी हातापाया पडत नाहीये. निरोप आईचा आहे, मी फक्त पोचवला.

ताई

१४ ऑक्टोबर

छोटे,

चार ओळींचं उत्तर मिळालं. त्यातली एक ओळ आईसाठी, तीन ओळी माझा बेत मोडण्यासाठी. तुझं सगळं तसंच आहे म्हणायचं.

"सोमवारी संग्रहालय बंद असतं. शनिवारी जाऊ." हे तू लिहिलंस ते बरोबर आहे, मला माहीत नव्हतं. पण मुळात संग्रहालय हवंय कुणाला? जुन्या जकात कचेरीच्या त्या इमारतीत भिंतीवर नकाशे आणि काचेखाली नाणी, याशिवाय आहे काय? जिला समोर बसलेल्या मुलीचं तोंड दिसत नाही, तिला मुंगीएवढ्या अक्षरांतले नकाशे दाखवायचे? शिवाय आत शिरायला सतरा पायऱ्या आहेत. खुर्ची वर कोण चढवणार? आणि शनिवारी गर्दी असते. शाळांच्या सहली येतात. आईला कलकल सहन होत नाही.

शनिवारी मला रजाही घ्यावी लागेल. मालक आता म्हातारे झालेत, एकट्यानं त्यांना होत नाही. मी तुझ्यासारखी सुटी नाही. तू रंगीत छपाईच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेस असं मावशी सांगत होती. तुझ्या शब्दाला तिथं मान असेल. माझं तसं नाही.

तू विचारलंस, आईची तब्येत बाकी कशी आहे. हे वीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतंस. तू बॅग भरून गेलीस तेव्हा बाबांची उजवी बाजू लुळी पडून दीड वर्ष झालं होतं. त्यानंतर सहा वर्षं ते अंथरुणावर होते. सकाळी दुकानात जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी त्यांना कुशीवर वळवायची. आई पाय धरायची, मी खांदे. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, औषधाच्या दुकानातला मनुष्य होता, बरा होता. एकदा घरी येऊन बाबांच्या खोलीत डोकावला आणि मग आला नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतेय, कारण तू विचारलंस.

आणि बाबा गेल्यावर मावशीनं फोन केला तर तुझं उत्तर काय? "मला जमणार नाही." चार शब्दसुद्धा नाहीत.

असो. सोमवारचं बघ. आईला मी अजून काही बोलले नाही.

ताई

२६ ऑक्टोबर

छोटे,

तू संग्रहालयात फोन करून चौकशी केलीस, मागच्या दारानं उतार केलाय, खुर्ची सरळ आत जाते, हे सगळं कळलं. शाळांच्या सहली बाराच्या आत आटपतात हेही कळलं. तू ठरवलंस की ठरवलंस. लहानपणी तुला हवी ती पेन्सिल मिळेपर्यंत तू जेवायची नाहीस, आणि आई मला म्हणायची, "दे गं तिला, तू मोठी आहेस ना."

तर शनिवार, ९ नोव्हेंबर. रजा मागितली. मालक म्हणाले, "जा की, सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मागतेयस." आईला सांगितलं तेव्हा तिनं कपाट उघडून दोन कपडे बाहेर काढले आणि कोणता रंग समुद्रावर बरा दिसेल म्हणून मलाच विचारत बसली. रंग तिला कळत नाहीत आता. मी म्हटलं, निळा घाल. दोन्ही निळेच होते.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे तो पुन्हा यायला नको. संग्रहालयाचं नाव काढलं की मी टाळाटाळ करते असं तुला वाटतं. मी काही टाळत नाही. तुझंच मन दुखू नये म्हणून म्हणत होते. जुने नकाशे दुरुस्त करायची तिथली नोकरी तुला मिळायला हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी तुला नकाशाचं काम शिकवलं होतं. ते तुझ्या हातात पेन द्यायचे आणि माझ्या हातात दिवा. मी कधी तक्रार केली नाही. मुलाखत चांगली झाली होती म्हणालीस. पण त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं असेल, आपल्या हातात काय होतं? घरी फोन नव्हता म्हणून तू दुकानाचा नंबर दिला होतास. तिथं फोन आला नाही, हे मी तुला तेव्हाही रोज सांगत होते.

गेल्या गोष्टी उगाळू नयेत. डब्याचं मी बघते. तू फळं आण, आईला मऊ लागतात.

ताई

६ नोव्हेंबर

छोटे,

तुझं पोस्टकार्ड आलं. "शनिवारी साडेदहा, वेशीपाशी." बस, एवढंच. माझ्या एवढ्या मोठ्या पत्रावर एक अक्षर नाही. ठीक आहे.

आईला उन्हाचा त्रास होतो, म्हणून मोठ्या काठाची टोपी घेतलीय. खुर्चीचं एक चाक करकरतं, तेल घातलंय. पाऊस नाही असं पेपरात आहे. मी राखाडी कोट घालेन. हे यासाठी लिहितेय की केस सगळे पांढरे झालेत, तू ओळखणार नाहीस.

आईसमोर आपण भांडायचं नाही, एवढं पाळ.

ताई

११ नोव्हेंबर

छोटे,

आज सोमवार, दुकान बंद. आई आतल्या खोलीत रेडिओ ऐकतेय. शनिवारी आपण एकमेकींशी जेमतेम दहा वाक्यं बोललो असू. उरलेलं लिहिते.

तू वेशीपाशी उभी होतीस तेव्हा मी तुला लगेच ओळखलं. तू बाबांसारखी एका पायावर भार देऊन उभी राहतेस. आईनं मान वळवली, समुद्राकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बारीक झालीस गं." तू खाली वाकून तिच्या पायांवरची शाल नीट केलीस. मला वाटलं होतं तू रडशील. मी तर त्यासाठी जास्तीचे रुमाल आणले होते. तू रडली नाहीस, मीही नाही, आणि आईला दिसलं नसतंच.

दुपारपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. धक्क्यावर आईनं हात पुढे करून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि भरती आहे म्हणाली, ते खरं निघालं. तू आणलेली केळी तिनं दोन खाल्ली. मग तू खुर्चीचे दांडे माझ्या हातातून घेतलेस आणि विचारलंही नाहीस. सरळ मागच्या दाराकडे.

त्या मोठ्या नकाशापुढे तू खुर्ची थांबवलीस. किल्ल्याचा, बंदराचा, हाताएवढ्या चिरा पडलेला आणि परत सांधलेला. तू आईच्या कानाशी वाकून तो वाचून दाखवत होतीस. इथं विहीर, इथं दारूगोळ्याचं कोठार, इथं कागद फाटला होता, मागून पातळ कागद लावून जोडलाय, कडा जुळवायला महिनाभर लागला असेल. मी दाराशी उभी होते. एवढं बोलताना तुला मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं.

आई म्हणाली, "हेच काम होतं ना गं तुझं? ज्यासाठी मुलाखत दिली होतीस?"

"हो."

"मग का नाही मिळालं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "त्यांनी बोलावलं होतं, आई. पण तेव्हा मी आजारी पडले. जमलं नाही."

म्हणजे त्यांनी बोलावलं होतं हे तुला माहीत होतं.

बाहेर आल्यावर आई झाडाखाली डुलक्या घेत होती. मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"घर सोडून गेले त्या दिवसापासून," तू म्हणालीस. "दुसरी काही जागा आहे का विचारायला इथं आले होते. कारकून म्हणाला, अहो, तुमचं तर लग्न ठरलं होतं ना? तुमच्या बहिणीनं सांगितलं."

ती संध्याकाळ मला आठवते. तू आलीस, चपला झाडल्यास, वाळू पडली. बॅग भरलीस. मी दारात आडवी उभी राहून तुला स्वार्थी म्हटलं होतं.

तुला कारकुनानं जे सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं आहे. उरलेलं माझ्याकडून ऐक. फोन सकाळी अकराला आला. माझ्या हातात कुणाच्या तरी चष्म्याची दांडी होती, स्क्रू बसवत होते. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "आपल्या बहिणीची निवड झाली आहे. पहिल्या तारखेला रुजू व्हायला सांगा." त्याच सकाळी तू तुझ्या रेखाटनाच्या वर्गाला गेली होतीस आणि बाबा माझ्या हातून निसटून पडले होते. मी आणि आई, दोघींना ते उचलता येईनात. शेजाऱ्याला हाक मारावी लागली. बाबा सगळा वेळ तुझं नाव घेत होते. हे सगळं अंगावर होतं आणि मी म्हटलं, "तिचं लग्न ठरलंय. ती येणार नाही." ते म्हणाले, "अरे वा, आमचं अभिनंदन कळवा." मी म्हटलं, "कळवते."

मग तू चाळीस दिवस रोज संध्याकाळी विचारलंस, "ताई, आला का गं फोन?" आणि मी चाळीस वेळा नाही म्हटलं. एकदा बोलले ती चूक होती असं कुणी म्हणेल. पुढची चाळीस काय होती, ते मला माहीत आहे. आणि परवाच्या सव्वीस तारखेला, मी काहीतरी टाळतेय असं तू सरळ लिहिलं होतंस तरी, मी कागदावर पुन्हा तेच लिहून पाठवलं.

पण मला सगळ्यात जास्त काय लागलं, ते सांगते. मी विचारलं, "आईला खोटं का सांगितलंस?" तर तू केळ्याची सालं पिशवीत भरत म्हणालीस, "तुझ्याकडे तिच्याशिवाय आहे काय? तेवढं तरी राहू दे."

तू थोबाडीत मारली असतीस तर मी दुसरा गाल पुढे केला असता. पण ही दया मला नको होती. वीस वर्षं मी तुला दोष देत मानानं जगले. बाबांना सोडून गेलेली ती, आणि सांभाळलेली मी. तू येऊन एका वाक्यात ते सगळं माझ्या पदरात भिकेसारखं घातलंस. बसमध्ये आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि मी तिच्याकडे बघून विचार करत होते की हे आता तुझ्या कृपेनं आहे.

म्हणून मी तिला सांगणार आहे. तुझ्यासाठी नव्हे. असं समजून मला चांगलं ठरवू नकोस.

ताई

२४ नोव्हेंबर

छोटे,

आईनं मावशीला बोलावून तुला फोन लावला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दार उघडं होतं आणि फोन स्पीकरवर होता. तुमचं ठरलं ते मी ऐकलं. तू दोनदा विचारलंस, "ताईचं काय?" आणि आई म्हणाली, "तिचं ती बघेल."

तिला मी मंगळवारी सांगितलं. सकाळी, तिचे केस विंचरताना, म्हणजे तिच्या पाठीमागे उभी राहून. सगळं सांगितलं, फोन, कारकून, चाळीस दिवस. विंचरून झालं तरी उठली नाही. मी समोर जाऊन बसले तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. इतर कुणाला वाटलं असतं राग आला. मला कळलं, ती माझ्याकडे बघतेय. बराच वेळ बघत होती.

दोन दिवस बोलणं नाही. ताट ठेवलं की जेवायची. गुरुवारी म्हणाली, "माझे कपडे भर. मी धाकटीकडे जाते."

मी म्हटलं, "आई, कितीही झालं तरी सगळं मी केलंय. बाबांचं, तुझं."

"केलंस," ती म्हणाली. "नाही कोण म्हणतंय? पण माझ्याच तोंडून तू तिला वीस वर्षं शिव्या खायला लावल्यास. मला दिसतंय तोवर तिच्याजवळ राहू दे."

"आणि मग? दिसेनासं झाल्यावर?"

"मग मला कुणाकडेही काय, सारखंच."

हे ती रागानं बोलली नाही. राग असता तर मी वाट बघितली असती तो उतरायची.

मी एकटी पडेन या भीतीनं त्या फोनवर खोटं बोलले होते, हे आता लपवण्यात अर्थ नाही. बाबा पडले, पाठ दुखली, ही सगळी खरी कारणं, पण खालचं कारण ते. तू गेलीस तरीही. आता आईही चालली. मालकांनी दुकान विकायचं ठरवलंय, नवीन वर्षापासून. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाहीये. आली तर तुझ्याजवळच ठेव.

मावसभाऊ शनिवारी गाडीनं तिला आणून सोडेल. थेंब दिवसातून तीनदा, डाव्या डोळ्यात आधी. ताटात भात डावीकडे आणि भाजी उजवीकडे वाढ, रोज तसंच, म्हणजे तिला चाचपावं लागत नाही. मीठ कमी हवं म्हणते, पण कमी घातलंस तर खात नाही. न्हाणीघरात पांढरी बादली ठेवू नकोस, पांढऱ्या फरशीवर तिला ती दिसत नाही, लाल घे. खोलीतलं सामान एकदा लावलंस की हलवायचं नाही. ती स्वतःशी पुटपुटते तेव्हा बाबांशी बोलत असते, मध्ये बोलू नकोस. पहिले काही दिवस ती तुला चुकून ताई म्हणेल. सवय आहे, दुसरं काही नाही. दुरुस्त करत बसू नकोस.

तुझ्याकडे येते म्हणून ती खूश आहे. निळ्या कपड्यांतला कोणता वर ठेवू म्हणून मला विचारत होती.

मी घराची एक किल्ली तिच्या पिशवीत ठेवली होती. तिनं ती चाचपून बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. ती झोपल्यावर मी ती परत ठेवली आहे, सगळ्यात खाली, लोकरीच्या मोज्यात. तुला सापडेल. परत पाठवू नकोस.

ताई